मॅकबेथ, राघोबादादा आणि ‘ध’चा ‘मा’

मी इंदापूरला तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. गेल्या महिन्यात तिसऱ्या वर्षाच्या वर्गात उत्तर पेशवाई चालू होती. फळ्यावर तारीख लिहिली, ३० ऑगस्ट १७७३, आणि विचारलं, ‘नारायणराव पेशव्यांचा खून कुणी केला?’ निम्म्या वर्गाने एका सुरात सांगितलं, ‘आनंदीबाईने.’

म्हटलं, तलवार कुणाच्या हातात होती? मग सुमेरसिंग गारदी आठवला, तुळाजी पवार आठवला. आणि ज्याच्यासाठी हे सगळं झालं, ज्याला दुसऱ्या दिवसापासून पेशवाई चालवायची होती, तो? यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने मला समजावून सांगितलं, ‘मॅडम, दादासाहेबांनी धरावेच लिहिलं होतं. ध चा मा बाईने केला.’ तिच्या आवाजात शंकेला जागाच नव्हती. माझ्याही नव्हती तिच्या वयाची असताना. घरात दोन भावांत काही बिनसलं की आमची आजी धाकट्या सुनेकडे बघून ‘आनंदीबाई’ एवढंच म्हणायची, आणि सगळ्यांना सगळं कळायचं.

त्या दिवशी मी वर्गाला मॅकबेथ वाचायला सांगितलं. कुरकुर झाली. इंग्रजी घेतलेल्यांना वाटलं, पेपरला आहे म्हणून. बाकीच्यांना वाटलं, मॅडम विषय सोडून चालल्या. तुम्हालाही तसं वाटत असेल. माझा प्रबंध बारामतीच्या नाइकांसारख्या सावकार घराण्यांवर, त्यांच्या आणि पेशवे दरबाराच्या देण्याघेण्यावर आहे. त्यात शेक्सपिअर कुठून आला? तेच आज सांगायचंय.

आधी गोष्ट, ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी. स्कॉटलंडचा राजा डंकन. मॅकबेथ हा त्याचा नात्यातला, रणांगण गाजवून आलेला सरदार. वाटेत तीन चेटकिणी भेटतात आणि तू राजा होशील असं सांगतात. तो बायकोला पत्र लिहून हे कळवतो. त्याच रात्री राजा त्याच्या गढीत पाहुणा म्हणून मुक्कामाला येतो आणि झोपेत मारला जातो. मॅकबेथ राजा होतो. मग ती गादी टिकवायला मित्र बँकोला मारणं आलं, मॅकडफच्या बायकापोरांना मारणं आलं, आणि शेवटी तो स्वतः मारला जातो. शेक्सपिअरच्या शोकांतिकांमध्ये ही सर्वांत छोटी. जेवण लवकर उरकून बसलात तर झोपायच्या आत संपते. अर्थात नंतर झोप लागेल याची हमी नाही.

आता शेजारी राघोबादादांना उभं करा. १७५८ साली मराठी फौजा लाहोरात शिरल्या तेव्हा सेनापती तेच होते. अटकेपार झेंडा म्हणतो ती मोहीम हीच, ‘राघोभरारी’. म्हणजे मॅकबेथसारखेच तेही आपल्यासमोर प्रथम येतात ते विजयी वीर म्हणून. पुढे पुतण्याशी, थोरल्या माधवरावांशी, सत्तेवरून वितुष्ट, १७६८ साली धोडपला पराभव आणि शनिवारवाड्यात नजरकैद. नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव थेऊरला वारले. पेशवाई मिळाली ती नारायणरावाला. तो तेव्हा सतरा वर्षांचा. अटकेपर्यंत घोडा नेलेल्या माणसाने हे पाहायचं होतं.

खुनाच्या दिवशीचा एक तपशील मला कधी विसरता येत नाही. ग्रँट डफने तो दिलाय. त्या सकाळी गारद्यांमध्ये चुळबूळ असल्याची कुणकुण नारायणरावाला लागली होती. त्याने हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं. हरिपंत हो म्हणाले आणि कुणाकडे तरी जेवायला गेले. दुपारी गारदी थकलेल्या पगाराचा ओरडा करत वाड्यात घुसले. पोरगा काकाच्या दालनाकडे धावला, काकाला मिठी मारली. पुढचं तुम्हाला माहीत आहे. ‘काका, मला वाचवा’ हे वाक्य आपण राजकीय टोमणे मारून मारून इतकं झिजवलंय की त्यामागे अठरा वर्षांच्या मुलाची किंकाळी आहे हे लक्षातच राहत नाही.

आणि मग ती चिठ्ठी. गारद्यांना दिलेल्या हुकमात ‘नारायणरावास धरावे’ असं होतं, ते ‘मारावे’ केलं गेलं. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, कागद मिळवला, बदललेलं अक्षर पाहिलं, आणि बदल आनंदीबाईने केला असं सर्वत्र मानलं गेलं. इंग्रजी वाचणाऱ्या जगाला ही हकिकत ग्रँट डफने सांगितली. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालचा. म्हणजे खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी. तो साताऱ्याला कंपनीचा अधिकारी होता, जुन्याजाणत्यांशी बोलत होता, कागद पाहत होता. त्याला खोटं ठरवायचा माझा हेतू नाही. पण ‘कागदात अक्षर बदललेलं होतं’ हे एक विधान आणि ‘ते अमक्या व्यक्तीने बदललं असं सगळे मानतात’ हे दुसरं विधान. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या दोन्हींच्या मध्ये थांबायला शिकायचं असतं. आपण थांबलो नाही. अडीचशे वर्षं आपण दुसऱ्याच विधानावर बसून आहोत.

या गोष्टीत एक सोय आहे. चिठ्ठी खरी धरली तरी राघोबादादांच्या हातून काय झालं? कैद करायचा हुकूम. स्वतः पेशवा असलेल्या पुतण्याला, पगार थकलेल्या भाडोत्री शिपायांकरवी, भर वाड्यात धरायचं. यात रक्त सांडणार नाही असं त्यांना खरंच वाटलं असेल? अक्षराच्या गोष्टीमुळे हा प्रश्न विचारायची वेळच येत नाही. गुन्हा दौतीत बुडालेल्या बोरूने केला. बोरू बाईच्या हातात होता. दादा सुटले.

मॅकबेथ नेमकी हीच सोय काढून घेतं.

पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश काढा. बाहेर राजाची पंगत चालू आहे आणि मॅकबेथ उठून एकटाच येऊन उभा राहिलाय. तो स्वतःशी हिशोब मांडतो: मी याचा नातलग, मी याचा चाकर, वर आज मी याचा यजमान. मारेकरी आला तर दार लावून घ्यायचं काम माझं, आणि सुरा माझ्याच हातात? राजा भला आहे, त्याने माझं काही वाईट केलेलं नाही. मला पुढे ढकलणारं कारण एकच, माझी महत्त्वाकांक्षा. हे तो स्वतः म्हणतो, बायको अजून तिथे आलेलीही नाही. शनिवारवाड्यातल्या त्या दालनात राघोबादादांच्या मनात काय चाललं होतं हे कुठल्याही दप्तरात मिळणार नाही. मिळेल अशी आशाही नको. पण त्या दालनात कोणता प्रश्न विचारायचा हे मला या नाटकाने शिकवलं: ‘कुणाच्या सांगण्यावरून?’ हा नव्हे. ‘सगळं कळत होतं, तरी का?’

तुम्ही म्हणाल, पण तिथेही बायकोच भरीला घालते. घालते ना. त्याच प्रवेशात ती येते, त्याच्या मर्दानगीला डिवचते आणि तो बधतो. अर्ध्या वर्गाने इथेच पुस्तक मिटलं आणि ‘बघा मॅडम’ म्हणून मला दाखवलं. मी म्हटलं, तिसऱ्या अंकापर्यंत चला. बँकोला मारायचं मॅकबेथ एकटा ठरवतो. बायको विचारते तेव्हा तिला सांगत नाही. तुला माहीत नसलेलंच बरं, नंतर कौतुक कर, असं म्हणून गोंजारतो. मॅकडफच्या घरच्यांना मारताना तर तिला विचारायचा प्रश्नच उरत नाही. ‘बायकोने करायला लावलं’ हे स्पष्टीकरण एका खुनापुरतं पुरतं, पुढे ते गळून पडतं. आणि तीही दगड नाही. झोपलेला म्हातारा राजा तिला आपल्या बापासारखा दिसतो म्हणून तिच्याच्याने वार होत नाही. शेवटी झोपेत चालत हात चोळत फिरते, डाग जात नाही म्हणून. आनंदीबाईला अशी एक तरी रात्र आपण दिली आहे का?

आता गंमत ऐका. इतिहास म्हणून मॅकबेथ हे नाटक चक्क खोटं आहे. खरा मॅकबेथ अकराव्या शतकातला. त्याने डंकनला झोपेत मारलं नाही, १०४० साली लढाईत मारलं, आणि डंकन म्हातारा नव्हता, तरुणच होता. त्यानंतर मॅकबेथने सतरा वर्षं राज्य केलं. इतकी वर्षं राज्य करणाऱ्याला निव्वळ राक्षस म्हणणं अवघड आहे. बँको नावाचा माणूस झालाच नाही. तो एका जुन्या बखरकाराच्या लेखणीतून जन्मला. शेक्सपिअरने हे सगळं घेतलं होलिनशेडच्या बखरीतून, साधारण १६०६ च्या सुमारास. तेव्हा इंग्लंडच्या गादीवर आलेला स्कॉटलंडचा जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानत होता. राजाचा पूर्वज सज्जन आणि त्याचा मारेकरी दुष्ट, हे गणित कुणी जुळवलं ते सांगायला नको.

पण माझ्या कामाची गोष्ट यापुढची आहे. होलिनशेडमध्ये मॅकबेथच्या बायकोबद्दल थोडंच आहे: ती महत्त्वाकांक्षी होती, तिने त्याला टोचणी लावली. पाहुणा राजा, दारू पाजून झिंगवलेले पहारेकरी, आणि नवऱ्याला खुनाला उभं करणारी बायको, हे सगळं त्याच बखरीतल्या दुसऱ्याच खुनाचं वर्णन आहे. डॉनवल्ड नावाच्या माणसाने बायकोच्या सांगण्यावरून डफ नावाच्या राजाला मारल्याचं. (हा डफ वेगळा, आपल्या ग्रँट डफशी त्याची गल्लत नको.) शेक्सपिअरने तो खून उचलला आणि मॅकबेथच्या घरात आणून ठेवला. म्हणजे ग्रूओख नावाच्या एका खऱ्या बाईच्या माथी भलत्याच बाईचा गुन्हा बसला आणि चारशे वर्षं बसूनच राहिला. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरची ती मुलगी काही बोलली नाही, पण वहीत लिहून घेतलं.

आता बारामतीकडे येते. महत्त्वाकांक्षा असली की खून होतोच का? याचं उत्तर द्यायला आपल्याच तालुक्याच्या शेजारी एक माणूस बसलाय.

बाबूजी नाईक बारामतीकर. पेशव्यांचे व्याही-सोयरे: त्यांचा भाऊ आबाजी नाईक हा थोरल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई हिचा नवरा. आणि पेशव्यांचे सावकार: बाजीरावाच्या डोक्यावर नाइकांचं कर्ज. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव गेला तेव्हा पेशवाई कुणाला हा प्रश्न साताऱ्याला उभा राहिला. नागपूरकर रघूजी भोसल्यांनी नाव पुढे केलं ते बाबूजी नाइकांचं. शाहू महाराजांसमोर पैशाची आणि वजनाची बरीच उलाढाल झाली. शेवटी वस्त्रं मिळाली बाजीरावाच्या मुलाला, नानासाहेबाला. मग नाइकांनी काय केलं? कर्ज मागितलं. ताबडतोब, सगळं, तगादा लावून. नवा पेशवा नाक घासेल असं पाहिलं. महादाजीपंत पुरंदरे आपली पत वापरून मध्ये पडले म्हणून नानासाहेब निभावला.

मला हे वाचताना हसू येतं. स्कॉटलंडात सुरा निघतो, बारामतीत कर्जरोखा निघतो. पण हसून सोडून देऊ नका, कारण नाइकांची हाव मॅकबेथपेक्षा कमी होती असं मला वाटत नाही. फरक आहे तो दाद मागायच्या जागेचा. १७४० मध्ये साताऱ्याला शाहू होता. त्याच्यापुढे जाता येत होतं, पैसे ओतता येत होते, हरता येत होतं आणि हरून घरी परतता येत होतं. १७७३ मध्ये छत्रपती होते, पण सत्ता पुण्यात शनिवारवाड्यात कोंडली गेली होती आणि दादाही त्याच वाड्यात कोंडलेले. खुनानंतर पेशवाईची वस्त्रं राघोबादादांनाही साताऱ्याहूनच आली. देणाऱ्याच्या हातात नाही म्हणायचं बळ राहिलं नव्हतं. माणसं तीच, लोभ तोच. हरायची जागा नाहीशी झाली. मॅकबेथमध्येही पाहा: डंकन सगळ्यांसमोर थोरल्या मुलाला वारस जाहीर करतो त्याच क्षणी मॅकबेथच्या मनात अंधार उतरतो. सरळ वाट बंद झाली.

या नाइकांच्याच पदरी मोरोपंत पुराणिक होते, हे शाळेत शिकलेलं असतं. पन्हाळ्याहून आलेले पराडकर बारामतीत स्थिरावले आणि १७९४ मध्ये इथेच वारले. १७७३ मध्ये ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. सगळं महाभारत आर्यांमध्ये रचणाऱ्या या कवीला सौप्तिकपर्व ओलांडता येणार नव्हतंच: अश्वत्थामा रात्री छावणीत शिरतो आणि झोपलेल्यांना कापून काढतो. झोपलेल्याला मारलं की मारणाऱ्याची झोप जाते, ही गोष्ट कऱ्हेकाठच्या श्रोत्यांना शेक्सपिअरने सांगायची गरज नव्हती. अश्वत्थामा अजून तेल मागत फिरतो असं आमची आजीच सांगायची, तीच आनंदीबाईवाली आजी. तिच्या जगात अश्वत्थाम्याच्या पापाला बायको लागली नव्हती. राघोबादादांच्या पापाला मात्र लागली.

मराठीत हे नाटक आलं तेही फार आधी. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘मानाजीराव’ लिहिलं. हेच परांजपे पुढे १९०८ मध्ये राजद्रोहाखाली तुरुंगात गेले. मॅकबेथला मराठी सरदाराचं नाव दिलं की तो परका राहत नाही, हे त्यांनी ओळखलं. १९५४ मध्ये शिरवाडकरांचं ‘राजमुकुट’ आलं. नानासाहेब फाटक आणि दुर्गा खोटे त्यात नवरा-बायको होते. माझं वैयक्तिक मत विचाराल तर सुरुवात ‘राजमुकुट’पासून करा. इंग्रजी येत असेल तर नंतर टिपांची आवृत्ती घ्या. ‘मकबूल’ पाहिला असेल तर उत्तमच, पण पाहिला म्हणून वाचायचं टाळू नका. पडद्यावर ती एकट्याने मांडलेली वजाबाकी-बेरीज हरवते.

एका जागी मात्र दोन्ही गोष्टी वेगळ्या होतात. मॅकबेथला मूल नाही, आणि बँकोची मुलं राज्य करतील या भीतीने तो पिसाटतो. इकडे नारायणरावाची बायको गंगाबाई गरोदर होती. रामशास्त्री राघोबादादांना दोषी ठरवून पुणं सोडून गेले, बारभाईंनी कारभार हातात घेतला, आणि १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवराव जन्मला. चाळीस दिवसांच्या पोराला पेशवा केलं. राघोबादादा इंग्रजांकडे गेले, सुरतेचा तह झाला, आणि पहिलं इंग्रज-मराठा युद्ध ओढवलं. इथपर्यंत शेक्सपिअरला शोभेल असं. पण राघोबादादांना मुलगा झाला, १७७५ मध्ये, धारला. सवाई माधवराव निपुत्रिक गेल्यावर १७९६ मध्ये तोच पेशवा झाला. दुसरा बाजीराव. १८१८ मध्ये राज्य त्याच्याच हातून गेलं. कुठलाही नाटककार इतकं लांबवणार नाही, इतिहास लांबवतो.

वर्गात शेवटी मी पुन्हा तोच प्रश्न विचारला. या वेळी एका सुरात उत्तर आलं नाही. भांडण झालं, तास संपल्याची घंटा ऐकू आली नाही, आणि पुढच्या तासाचे सर दारात उभे राहिले. एकाने जाता जाता विचारलं, हरिपंत फडके त्या दिवशी जेवायला नक्की कुणाकडे गेले होते? मी शोधतेय. पुढच्या लेखात परत नाइकांच्या कर्जाकडे, व्याजाच्या दरासकट.